संगीत नाटकाचा संगीतकार काय करतो? पं. जितेंद्र अभिषेकींच्या कारकिर्दीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाट्यसंगीत शिकणारी मुलं, हौशी नाट्यसंस्थांतले कार्यकर्ते आणि 'मलाही नाटकाला संगीत द्यायचंय' म्हणणारे तरुण जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. संगीत नाटकाच्या संगीतकाराचं काम समजावून सांगायला गायक-संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांइतकं चांगलं उदाहरण मराठीत दुसरं नाही, असं माझं मत आहे. म्हणून बहुतेक उत्तरं त्यांच्याच नाटकांभोवती फिरतात.

नाटकाचा संगीतकार आणि संगीत दिग्दर्शक ही दोन वेगळी माणसं असतात का?

ब्रॉडवेवर किंवा लंडनच्या वेस्ट एंडला असतात. तिथे एक जण संगीत रचतो आणि दुसरा रोज रात्री वाद्यवृंदासमोर उभा राहून प्रयोग पार पाडतो. आपल्याकडे 'संगीत दिग्दर्शन' या एकाच श्रेयनामाखाली दोन्ही कामं येतात. पदांना चाली बांधायच्या, नटाची पट्टी, म्हणजे तो कुठल्या सुरात गाणार ते, ठरवायची, त्याच्या गळ्यावर पद चढवायचं, साथीदार निवडायचे, सुरुवातीच्या नांदीपासून शेवटच्या भरतवाक्यापर्यंत कुठे किती संगीत हवं ते दिग्दर्शकाशी बोलून ठरवायचं, आणि रंगीत तालमीत त्यातलं निम्मं कापायची तयारीही ठेवायची.

प्रयोग सुरू झाले की मात्र संगीतकार रोज हजर नसतो. तेव्हा सूत्रं जातात ऑर्गनवाल्याकडे. संवाद चालू असतानाच तो हळूच सूर धरतो, नटाला पट्टी देतो आणि आज गळा बसला आहे का, कुठला अंतरा आवरता घ्यावा लागेल, हे त्याच्या श्वासावरून ओळखतो. हे काम उत्तम करणाऱ्यांची नावं जाहिरातीत बारीक टायपात येतात, याचं मला कायम वाईट वाटत आलं आहे.

अभिषेकींच्या आधी नाटकाला चाली कोण देत असे?

सुरुवातीला बहुतेक वेळा नाटककारच. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं. त्यात दोनशेच्या आसपास पदं होती. ती साकी, दिंडी, कामदा अशा ओळखीच्या वृत्तांत आणि कीर्तनातल्या, लावणीच्या, कानडी पदांच्या चालींवर लिहिलेली. जुन्या छापील संहिता उघडून पाहा, पदाच्या डोक्यावर 'चाल:' असं लिहून अमक्या गाण्याचं नाव दिलेलं दिसेल. चाल आधी होती, शब्द नंतर आले.

1911 च्या 'मानापमान'ने हे बदललं. खाडिलकरांच्या पदांना गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या आणि संगीतकार ही नाटक कंपनीतली स्वतंत्र जागा झाली. 1916 च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखल्यांनी घराणेदार रागसंगीत नाटकात आणलं. त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव यांनी 1942 च्या 'कुलवधू'त तेच संगीत सुटसुटीत, भावगीताच्या जवळचं केलं. अभिषेकी या ओळीतले पुढचे. त्यांना वारसा मोठा मिळाला आणि काळ अवघड मिळाला. बोलपटांनी नाटक कंपन्या मोडल्या होत्या आणि संगीत नाटक म्हणजे जुन्या पदांचे पुनःप्रयोग, अशी समजूत झाली होती.

अभिषेकी मूळचे कुठले? शिक्षण कुठे झालं?

गोव्यातल्या मंगेशीचे. जन्म 21 सप्टेंबर 1929. घराण्याकडे मंगेशाच्या अभिषेकाची सेवा, त्यावरूनच आडनाव आलं. वडील बाळूबुवा कीर्तनकार. मास्टर दीनानाथ मंगेशकरांचं गावही हेच.

पुढे मुंबईत आकाशवाणीवर काम केलं, संस्कृत साहित्याची पदवी घेतली. गुरू मात्र एक नव्हते. आग्रा घराण्याचे जगन्नाथबुवा पुरोहित आणि अझमत हुसेन खाँ हे प्रमुख. शिवाय गिरिजाबाई केळेकर, जयपूर घराण्याचे निवृत्तीबुवा सरनाईक, गुलुभाई जसदनवाला यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. एका घराण्यात राहिलेला गवई त्या घराण्याचं संगीत फार खोलवर गातो. पण नाटकात राजा, ऋषी, कोळीण, खाँसाहेब आणि भक्त एकाच रात्री गातात. त्या सगळ्यांना वेगवेगळी गायकी द्यायला अनेक दारांतून आत गेलेला माणूस लागतो. अभिषेकींचं हे हिंडणं नाटकाच्या कामी आलं, असं मला ठामपणे वाटतं. संस्कृतही आलंच कामी: पदातला समास कुठे तोडला की अर्थ मोडतो, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे.

त्यांचं पहिलं गाजलेलं नाटक कोणतं?

'मत्स्यगंधा', 1964. नाटक आणि बहुतेक पदं वसंत कानेटकरांची, निर्मिती दि गोवा हिंदू असोसिएशनची. रामदास कामत पराशर, आशालता वाबगावकर सत्यवती. संगीतकार, नायक, नायिका आणि संस्था या सगळ्यांची मुळं गोव्यात.

या एका नाटकातली पाच पदं पाठोपाठ ऐकली की संगीतकाराचं काम लख्ख दिसतं. 'गुंतता हृदय हे' आणि 'नको विसरू संकेत मीलनाचा' ही पराशराची पदं प्रेमिकाची आहेत, पण तो ऋषी आहे. म्हणून त्यांत आर्जव आहे, लाडीकपणा नाही. 'साद देती हिमशिखरे' ऐकताना स्वर वर चढत जातात आणि तिथेच राहू पाहतात, कारण ते निघालेल्या माणसाचं गाणं आहे. 'गर्द सभोवती रान साजणी' हे शब्द बालकवींचे. नाटकापूर्वी कितीतरी वर्षं लिहिलेली कविता इथे सत्यवतीच्या भोवती इतकी नेमकी बसते की ती तिच्यासाठीच लिहिली असावी असं वाटतं. आणि मग येतं 'अर्थशून्य भासे मज हा कलह जीवनाचा'. इथे आशालताबाईंना तानेला वाव जवळजवळ दिलेलाच नाही. आयुष्याचा हिशोब मांडणारी बाई ताना मारत बसत नाही. गाणाऱ्याच्या गळ्यात येतं ते सगळंच पदात भरायचं नसतं, हा निर्णय चाल बांधणाऱ्याने घ्यायचा असतो आणि तो इथे घेतलेला आहे.

अभिषेकींनी नाट्यपद लहान केलं असं म्हणतात. हे कौतुक की टीका?

माझ्या दृष्टीने निखळ कौतुक. जुन्या काळी नाटक रात्रभर चाले, एकेका पदाला वन्समोअरवर वन्समोअर मिळे आणि कथानक विंगेत ताटकळत उभं राही. साठच्या दशकात प्रयोग तीन-साडेतीन तासांवर आला होता आणि प्रेक्षकाला शेवटची लोकल गाठायची होती. अभिषेकींनी मुखडा असा बांधला की पहिल्या आवर्तनातच प्रसंगाचा रंग समजावा. अंतरे मोजके ठेवले आणि विस्ताराच्या जागा आधीच ठरवून दिल्या. नटाला गाता येईल, पण नाटक थांबणार नाही.

काही जुने रसिक म्हणतात की यामुळे नटाचं स्वातंत्र्य गेलं. मला ते पटत नाही. वसंतराव देशपांडे 'कट्यार'मध्ये रोज वेगळं गात, याला साक्षीदार हवे तेवढे आहेत.

'कट्यार काळजात घुसली'चं संगीत इतकं वेगळं का मानलं जातं?

कारण त्या नाटकाचा विषयच संगीत आहे. चाली बदलल्या तर कथाच कोसळेल. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं हे नाटक नाट्यसंपदेने डिसेंबर 1967 मध्ये रंगभूमीवर आणलं. खाँसाहेब आफताब हुसेन म्हणजे वसंतराव देशपांडे, पंडित भानुशंकर म्हणजे भार्गवराम आचरेकर, सदाशिव म्हणजे प्रसाद सावकार, झरीना म्हणजे फैयाज आणि कविराज बाँकेबिहारी म्हणजे प्रभाकर पणशीकर. एका दरबारातल्या दोन गवयांचं, दोन गायकींचं वैर आणि मधे सापडलेला एक शिष्य, अशी गोष्ट.

आता संगीतकाराच्या जागी बसून विचार करा. दोन घराणी आहेत असं संवादात हजारदा सांगता येईल, पण प्रेक्षकांतल्या ज्याला रागही ओळखता येत नाही, त्याला ते कानाने कळायला हवं. अभिषेकींनी 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन चालींत बांधलं. पंडितजींचं गाणं शांत, ठाय म्हणजे संथ लयीचं, स्वराला कुरवाळत जाणारं. खाँसाहेबांचं चपळ, आक्रमक, तानेवर स्वार झालेलं. शब्द तेच, फुलही तेच आणि भुंगाही तोच, पण माणसं दोन. मराठी रंगभूमीवर संगीताने केलेलं व्यक्तिचित्रण यापेक्षा नेमकं मला दुसरं ठाऊक नाही. वर्गात हे काम शिकवायचं झालं तर मी या दोन चालींपासूनच सुरुवात करतो.

बाकीची पदंही अशीच पात्रातून उगवलेली. 'तेजोनिधी लोहगोल' उगवत्या सूर्याला उद्देशून आहे आणि ते गाताना खाँसाहेबांचा दरारा दिसतो. 'या भवनातील गीत पुराणे' मध्ये जुने हळवे सूर दूर घालवून नवे तराणे मागणाऱ्या विजेत्याचा तोरा आहे. 'सुरत पिया की' एका रागातून दुसऱ्या रागात जात खाँसाहेबांच्या विद्येचा आवाका दाखवतं. 'लागी कलेजवा कटार' झरीनाच्या तोंडी आहे. ते ठुमरीच्या अंगाचं असणं हे तिच्या घरातल्या गाण्याशी सुसंगत आहे.

2015 मध्ये सुबोध भावे यांनी यावर चित्रपट केला. त्याला शंकर-एहसान-लॉय यांनी नवं संगीत दिलं आणि नाटकातली अभिषेकींची पदंही ठेवली. त्यातलं 'अरुणी किरणी' गाऊन राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारे महेश काळे हे बुवांचेच शिष्य.

'कट्यार' सोडून कोणती नाटकं ऐकावीत?

वि. वा. शिरवाडकरांचं 'ययाति आणि देवयानी' (1966) आधी. 'हे सुरांनो चंद्र व्हा' बुवांच्या आवाजात सगळ्यांना पाठ असतं. पण संहिता वाचली की ध्यानात येतं की ते प्रियकराला निरोप धाडणाऱ्या स्त्रीचं पद आहे. चारुकेशी हा मूळ कर्नाटक संगीतातला राग त्यांनी इथे वापरला. त्याचं खालचं अंग उजळ आणि वरचं व्याकूळ, आणि ती दोन्ही अंगं शब्दांना हवी होती. 'यतिमन मम मानित या' आणि 'सर्वात्मका सर्वेश्वरा' याच नाटकातली. शेवटचं तर आज शाळांच्या प्रार्थनेत म्हणतात, ते नाटकातलं आहे हे मुलांना माहीतही नसतं.

रणजित देसाईंच्या 'हे बंध रेशमाचे' (1968) साठी शांता शेळके यांनी पदं लिहिली. 'काटा रुते कुणाला', 'का धरिला परदेश', 'विकल मन आज झुरत असहाय' ही त्यातली. बकुळ पंडितांच्या आवाजातलं 'का धरिला परदेश' जरूर ऐका. 'संत गोरा कुंभार' मध्ये अशोकजी परांजप्यांचे शब्द आहेत आणि 'अवघे गर्जे पंढरपूर' पदात दिंडीचा गजर थेट रंगमंचावर येतो.

'लेकुरे उदंड जाहली' (1966) चा उल्लेख लोक विसरतात. कानेटकरांचं हे विनोदी नाटक, श्रीकांत मोघे त्यात नायक. इथे रागदारीचं काहीच कौतुक नाही. बोलता बोलता गाणं सुरू होतं आणि गाता गाता बोलणं. गवई अभिषेकींपेक्षा नाटकवाले अभिषेकी बघायचे असतील तर हेच नाटक बघावं.

'माझे जीवन गाणे' ही त्यांचीच चाल ना?

नाही. ते आणि 'शब्दावाचून कळले सारे' ही दोन्ही गाणी मंगेश पाडगावकरांची आणि चाली पु. ल. देशपांड्यांच्या. अभिषेकी तिथे गायक आहेत. हा गोंधळ फार होतो. श्रेय ज्याचं त्याला मिळावं म्हणून मुद्दाम लिहिलं.

नट चांगला गाणारा नसेल तर संगीतकार काय करतो?

त्याच्या गळ्यात जे आहे त्यातूनच चाल काढतो. आवाजाची झेप दीड सप्तकाची असेल तर चाल सव्वा सप्तकात बांधावी. पंधराव्या प्रयोगाला, प्रवासाने शिणलेल्या गळ्यालाही ती झेपली पाहिजे. वरचा षड्ज एखाद्याच जागी ठेवावा आणि तिथे पोचण्याआधी श्वास घ्यायला जागा द्यावी.

पट्टीचा प्रश्न याहून मोठा. पुरुष आणि बाई यांच्या पट्ट्या जुळत नाहीत, त्यामुळे द्वंद्वगीत नेहमी अडतं. जुना उपाय असा की एकाचा मध्यम तो दुसऱ्याचा षड्ज धरायचा, पण मग चाल अशी हवी की हा बदल धक्क्यासारखा जाणवू नये. बदली नट आला की पुन्हा सगळं नव्याने. तबला दुसऱ्या सुराचा लागतो आणि ऑर्गनवाल्याची बोटं वेगळ्या पट्टीवर जातात.

तालमीत आधी पद गायला लावू नये. आधी वाचायला लावावं, संवाद म्हणून. ज्या नटाला पद बोलता येत नाही, त्याला ते गाताही येत नाही.

संगीत नाटक म्हणजे फक्त राग आणि ऑर्गन का?

मुळीच नाही. 1972 मध्ये पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगभूमीवर आणलेल्या 'घाशीराम कोतवाल'ला भास्कर चंदावरकरांनी संगीत दिलं. तिथे गाणारा एक नायक नाही, ब्राह्मणांची अख्खी रांग गाते, हलते आणि भिंत होते. कीर्तन, लावणी, लोकनाट्य यांतून घेतलेलं साहित्य आणि त्यावर कडक शिस्त. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये आनंद मोडकांनी कीर्तनाचा वापर मृत्यूवरच्या नाटकासाठी केला. अभिषेकींची वाट आणि ही वाट वेगळी आहे, पण विचारायचा प्रश्न दोन्हीकडे एकच: या क्षणी हे पात्र का गातंय?

यावर पोट भरतं का?

केवळ नाटकाच्या संगीतावर क्वचितच. मानधन बहुधा नाटक बसवण्याचं एकरकमी ठरतं, काही संस्था प्रयोगामागे वेगळी रक्कम देतात. प्रयोग किती होतील ते कुणाच्याच हातात नसतं. अभिषेकींचंही तसंच होतं: मैफली, आकाशवाणी, ध्वनिमुद्रणं आणि अध्यापन. लोणावळ्यात त्यांनी गुरुकुल चालवलं, शिष्यांना घरात ठेवून शिकवलं. अजित कडकडे, आशा खाडिलकर, प्रभाकर कारेकर, देवकी पंडित, राजा काळे, पुत्र शौनक ही नावं घेतली तरी त्या कामाचा पसारा कळतो. पद्मश्री 1988 मध्ये मिळाली, 7 नोव्हेंबर 1998 ला ते गेले.

नव्या माणसाने करार लेखी करावा, हा माझा आग्रहाचा सल्ला. प्रयोगाचे हक्क, ध्वनिमुद्रणाचे हक्क आणि ऑनलाइन प्रसारणाचे हक्क वेगवेगळे लिहून घ्यावेत. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा बराच सुरक्षित झाला आहे, पण कागदच नसेल तर भांडणार कशावर?

आमच्या मंडळाला अभिषेकींची पदं वापरायची आहेत. परवानगी लागते का?

संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. म्हणजे अभिषेकींच्या चालींचा हक्क 2058 अखेरपर्यंत. शब्दांचा हक्क कवीचा, तो वेगळा. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे. तिकीट लावणार असाल, चित्रीकरण करून इंटरनेटवर टाकणार असाल तर आधी हक्कधारकांना विचारा. आणि जाहिरातीत संगीतकाराचं नाव छापा, त्याला कायद्याची वाट पाहू नका.

हे काम शिकायला कुठून सुरुवात करू?

गाणं शिकत असालच. त्याच्या जोडीने नाटकं वाचा, पदांशिवाय, सलग. मग एखाद्या संस्थेत साथीदार म्हणून शिरा. ऑर्गन किंवा तबल्यावर बसून दहा-वीस प्रयोग केले की कुठलं पद प्रेक्षकाला धरतं आणि कुठल्या पदाला लोक चहाला उठतात, हे कुणी न शिकवता कळतं.

महाराष्ट्र शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांची वेगळी स्पर्धा होते. नवा संगीतकार तिथे पूर्ण लांबीच्या नाटकावर काम करू शकतो, आणि व्यावसायिक रंगभूमीवर इतकी मोकळीक मिळत नाही. गोव्यात कला अकादमीच्या स्पर्धा आहेत आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गावोगावचे उत्सव. देवळाच्या मंडपात आजही गावातली माणसं संगीत नाटक करतात, शेतीचं किंवा दुकानाचं काम आटोपून तालमीला बसतात. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. तिथे नाटक आणि संगीत दोन्ही शिकवतात, त्यामुळे नाटक शिकणाऱ्यांची गाठ गाणं शिकणाऱ्यांशी सहज पडते.

पहिलं नाटक मिळालं की घाईने चाली बांधायला बसू नका. सगळ्या वाचनांना हजर राहा. दिग्दर्शकाला प्रत्येक पदाविषयी विचारा: याआधीचं वाक्य कोण बोलतं, पद संपल्यावर कोण कुठे जातं, आणि पद काढून टाकलं तर काय बिघडेल? काहीच बिघडत नसेल तर ते पद काढा, चाल कितीही आवडती असली तरी.